व्याह्यांचे रिव्हॉल्व्हर
(मोशी येथे प्रदर्शनासाठी आलेल्या कापूस-ज्वारी भागातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



दिवसभर किसान प्रदर्शनात पाय दुखेपर्यंत हिंडून तुम्ही इथे बसला आहात. मी कपाशीवर बोलावे अशी तुमची अपेक्षा असणार. पण दुपारी जेवताना परभणीकडच्या एका कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "साहेब, रिव्हॉल्व्हर घेऊ का?" त्याच्या परवानगीने, नाव न सांगता, सगळ्यांसमोर बोलतो. हा विचार मनात असलेले इथे आणखी चारजण तरी असतील.

हकीकत अशी. त्याची लेक मोशीत दिली आहे. मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली आणि रानांचे प्लॉट झाले. व्याह्यांनी प्लॉटच्या पैशातून पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर घेतले, रीतसर परवान्यावर. आता वय झाले, नजर गेली. म्हणाले, "पाव्हणं, घरातल्या घरात राहू द्या. सव्वा लाख द्या."

आधी हिशेब. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. सव्वा लाख म्हणजे सोळा क्विंटल. कोरडवाहूत एकरी साडेचार धरा, साडेतीन एकरांचे सगळे बोंड गेले. बियाणे, खत, वेचणीची मजुरी अजून धरलीच नाही. आणि हमीभाव हातात पडतो असे मी गृहीत धरले आहे, हा माझा भाबडेपणा.

वस्तू जुनी. चक्र आपल्या जागी घट्ट बसते का, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, अंकावरचा नंबर परवान्याशी जुळतो का, हे परवानाधारक कारागीरच सांगेल. पण त्याआधी कायदा. बैल आधी आणि कासरा नंतर, असे इथे चालत नाही. आधी तुमचा स्वतःचा परवाना. गावात जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. मग विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचा आणि किमान ४५ दिवस थांबायचे. 'घरातल्या घरात' हा शब्द शस्त्र कायद्यात नाही. विनापरवाना सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे तुरुंग.

कशाला पाहिजे, असे मी त्याला विचारले. म्हणाला, रानडुकरे. ज्वारी लोळवतात हे खरेच. पण असल्या छोट्या गोळीने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येते. शिवाय वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारणे हा गुन्हा. पीकरक्षणासाठी कायद्यात ठासणीची बंदूक आहे. तिचा अर्ज करणार असाल तर मी सोबत येतो. दुसरे कारण, कापसाची रोकड घेऊन रात्री येताना भीती वाटते. सीसीआयचे पैसे खात्यावर येतात. व्यापाऱ्याकडूनही तसेच मागा. तिसरे कारण त्याने जरा वेळाने सांगितले. बांधावरून चुलतभावाशी वाद आहे. म्हणजे खरे कारण हे. अरे, मोजणीचे पैसे भर! चुलतभावाच्या घरीही सोयरे आहेत, तोही उद्या एक घेईल.

आता आपल्या कामाचे. परवाना दिला की त्याची दोरी सरकारच्या हातात राहते. चौकशीत पोलीस तुमच्यावरचे गुन्हे पाहतात, आणि आपल्यातल्या कुणावर रास्ता रोकोचा गुन्हा नाही? पुढच्या आंदोलनाला निघताना परवाना आठवेल आणि पाय घरातच थबकेल. इथून जवळ, मावळात बऊरला ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. त्या गर्दीत एकाच्या जरी कमरेला रिव्हॉल्व्हर निघाले असते, तर गोळीबाराला आयते निमित्त मिळाले असते.

एक गोष्ट मी त्याला एकट्यालाच सांगणार होतो. पदवी घेतली तेव्हा मी फवारणीचे वेळापत्रक शिकवत हिंडायचो. ते सोडून चळवळीत आलो, त्याचे कारण मला जावे लागलेली घरे. प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकले: "सकाळी तर चांगले बोलत होते." तो क्षण येतो, आणि माणूस त्यातून निभावला की जातोही. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अतिजहाल कीटकनाशके बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. शेतकऱ्याची गरिबी तिथे काही संपली नव्हती. म्हणून औषधाचे डबे कुलपात ठेवा, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, असे मी गावोगाव सांगतो. मन फारच खचले तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे सांगणारा मी, त्याच घरात गोळ्यांचे यंत्र नेऊन ठेव असे कसे म्हणू? नापिकीचे साल परवाना विचारून येत नाही.

तो म्हणाला, "पण व्याह्यांना काय सांगू? लेकीचे घर आहे." सांग की परवानाधारक विक्रेत्याला रीतसर विका, तोवर पोलीस ठाण्यात जमा करता येते का ते विचारा. मग मी विचारले, त्यांच्या कपाटाची किल्ली कुठे असते? त्याला माहीत नव्हते. त्याचा नातू पाच वर्षांचा आहे. उद्या सकाळी परतीची एसटी धरण्याआधी तो लेकीकडे जाणार आहे.