शाळेतलं बोलणं वहीवर आणा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सीआरपी ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत.)



ज्यांच्या घरातलं दिव्यांग मूल शाळेत जातंय, त्यांच्यासाठी आज मी बोलणार आहे. पण बाकीच्यांनी लगेच घड्याळाकडे बघू नका. तुमच्या गटात, तुमच्या गल्लीत अशी एखादी तरी आई असणारच. आणि तिला लिहून द्यायला तुमच्यापैकीच कुणीतरी लागणार आहे.

आता मला सांगा, गटातून कुणाला पाचशे रुपयांचं कर्ज द्यायचं असलं तरी आपण काय करतो? ठराव लिहितो, सह्या घेतो, कर्जाच्या वहीत नोंद करतो, तिच्या पासबुकात चढवतो. घेणारी सख्खी जाऊ असली तरी हे सगळं करतो. तिच्यावर विश्वास नाही असं नाही, पण दोन वर्षांनी कुणाला काय आठवेल त्याचा भरवसा नाही. मग लेकराच्या शाळेचं सगळं तोंडीच का? "सर म्हणाले बघतो", "मॅडम म्हणाल्या पुढच्या महिन्यात", "साहेब आले की विचारू". तारीख नाही, सही नाही, कागद नाही. बदली झाली की सर गेले, आणि त्यांच्याबरोबर ते बोलणंही गेलं.

आपल्याच भागातल्या एका ताईचं सांगते. तिला विचारून सांगते, नाव-गाव सांगत नाही. तिचा मुलगा तिसरीत. जन्मापासून पाय आखडलेले, वॉकर धरून चालतो. डोकं मात्र एकदम तल्लख, पाढे तुमच्या-माझ्यापेक्षा भरभर म्हणतो. वर्षाच्या शेवटी शाळेनं तिला बोलावलं आणि सांगितलं, याची गैरहजेरी 31 दिवसांची आहे, शाळा त्याला झेपत नाही, त्यापेक्षा घरीच शिकवायचं बघू. हजेरीपत्रक पुढे ठेवलं. आता हजेरीपत्रकापुढे आई काय बोलणार?

पण ही बाई आपल्या गटाची लेखापाल. तिनं घरी एक शंभर पानी वही ठेवलेली. ती उघडली. त्या 31 दिवसांपैकी 9 दिवस ताप आणि जिल्हा रुग्णालयातल्या व्यायामाच्या फेऱ्या. 5 दिवस घरचं लग्न. आणि उरलेले 17 दिवस? शाळेतूनच निरोप आलेला, "उद्या पाठवू नका." कधी मदतीची बाई रजेवर, कधी वर्ग वरच्या मजल्यावर भरणार म्हणून, कधी तपासणीला साहेब येणार म्हणून. प्रत्येक निरोपापुढे तारीख, कुणी सांगितलं, फोनवर की समोर, आणि सांगणाऱ्याचे शब्द.

यात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते लग्नाचे 5 दिवस. स्वतःच्या घरची गैरहजेरीही तिनं लपवली नव्हती. म्हणून केंद्रप्रमुखांनी वही वाचली तेव्हा बाकीच्या 17 दिवसांवर त्यांना शंका घेता आली नाही. त्याच बैठकीत वर्ग खाली आणायचं ठरलं आणि तसं लिहून झालं. रॅम्प अजून झालेला नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. पण पोरगं चौथीत गेलं, शाळेतच.

घरी राहून शिकायची सोय कायद्यात आहे, नाही असं नाही. पण ती तीव्र किंवा एकापेक्षा जास्त प्रकारचं अपंगत्व असलेल्या मुलासाठी आहे, आणि ती मागायचा हक्क मुलाचा आहे. शाळेला अडचण होते म्हणून कुणी त्याला घरी बसवू शकत नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. हे पाठ करून जाऊ नका, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वही कशी लिहायची? आपली इतिवृत्ताची वही लिहिता तशीच. तारीख, कोण भेटलं, काय बोलणं झालं, काय ठरलं, केव्हापर्यंत. त्याच दिवशी रात्री झोपायच्या आधी लिहायचं. आठवड्यानं लिहिलं की त्यात आपला राग मिसळतो. "सर फार वाईट वागले" असं लिहू नका, त्याचा पुढे काही उपयोग नाही. "सर म्हणाले, याच्यामुळे बाकीची पोरं मागे पडतात" असं लिहा. शब्द जसेच्या तसे. वाचणारा काय ते समजतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लाजायचं कारण नाही. शाळेतून बाहेर पडल्यावर फोनवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, आज अमुक तारीख, मी अमक्यांना भेटले, असं असं ठरलं. मग गटाच्या बैठकीच्या दिवशी लेखापालाकडून वहीत उतरवून घ्या. तेवढी दहा मिनिटं प्रत्येक गटानं द्यावीत, असं माझं म्हणणं आहे.

व्हॉट्सअॅपचं वेगळं सांगते. शाळेच्या ग्रुपवर आलेला निरोप म्हणजेही नोंदच. पण फोन पाण्यात पडतो, पोरं मेसेज पुसतात, नवरा फोन घेऊन मुंबईला जातो. मुलाविषयी काही आलं की त्याचा फोटो काढा आणि महत्त्वाचं असेल ते वहीत उतरवा.

आता पुढची गोष्ट, ती जरा धीराची. तोंडी ठरलेलं आपणच कागदावर घालून शाळेला द्यायचं. फार मोठं पत्र लागत नाही. मुख्याध्यापकांच्या नावानं चार ओळी: "आज दिनांक अमुक रोजी माझ्या मुलीविषयी आपल्याशी बोलणे झाले. तिला कमी ऐकू येत असल्याने पहिल्या बाकावर बसवण्याचे आणि गृहपाठ वहीत लिहून देण्याचे आपण मान्य केले, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास लेखी कळवावे." झालं. यात भांडण कुठे आहे? उलट आभार मानलेत. पण ठरलेलं कागदावर आलं.

या पत्राच्या दोन प्रती करा. एक शाळेला, दुसरीवर पोच. पोच म्हणजे सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. "राहू द्या, मी ठेवतो" म्हणाले तर हसत म्हणा, "सर, गटात आम्हाला पोच घ्यायची सवय लागलीय." नाहीच दिली तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. त्या दिवशी पोच नाकारली हेही लिहा.

काहीजणी म्हणतील, असं केलं तर गुरुजींना राग येईल आणि तो लेकरावर निघेल. ही भीती खोटी नाही. म्हणून सांगते, वही फक्त तक्रारीची करू नका. मॅडमनी स्वतःहून मोठ्या अक्षरात प्रश्नपत्रिका लिहून दिली, लिहा. विशेष शिक्षक येऊन तासभर बसले, लिहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक बदलतात. नवीन बाईंना काय माहीत की हा उजव्या कानानं ऐकतो, गोंगाट झाला की घाबरतो, खडूपेक्षा पाटीवर बरं लिहितो? ते सगळं तुमच्या वहीत असलं तर जूनमध्ये पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर ठेवता येतं. चांगल्या शिक्षकाला ही वही आवडते, हे मी पाहिलंय.

वहीबरोबर एक फाईल हवी. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, दवाखान्याचे कागद, प्रगतिपुस्तकं, दिलेल्या पत्रांच्या पोच. शाळेत द्यायची ती झेरॉक्स, मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. मागितला तर समोर दाखवून परत घ्यायचा. समग्र शिक्षामधून दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये, वर्षाचे 10 महिने प्रोत्साहन भत्ता आहे. कागद कधी दिले, खात्यावर पैसे कधी आले, किती आले, लिहून ठेवा. आले नाहीत तर विचारायला तारीख हाताशी राहते. दहावीला लेखनिक किंवा जादा वेळ लागणार असेल तर शाळेकडे मागणी लेखी द्या, आणि ती नववीतच द्या. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून कागद जुळत नाहीत.

आपल्यातल्या बऱ्याचजणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. दिव्यांग मुलं ही वंचित घटकात धरली जातात, त्यांच्या पालकांनाही समितीत जागा मिळायला हवी. तुम्ही तिथे फक्त चहा प्यायला बसत नाही. रॅम्पचा, संडासाचा विषय निघाला की म्हणा, "हे इतिवृत्तात लिहा." आणि सही करायच्या आधी वाचा. कोऱ्या पानावर सही आपण गटात करत नाही, तिथेही करायची नाही.

शाळेत काम झालं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तिथेही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. आपल्या अर्जाचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारता येतं, 10 रुपयांत, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही 10 रुपये नाहीत. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: "लेखी काही आहे का?"

तर पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी एक कोरी वही आणि घरात असतील ते सगळे कागद पिशवीत घालून आणा, चुरगाळलेले असले तरी चालतील. पहिलं पान आपण तिथेच बसून लिहू. लेखापाल ताईंनी अर्धा तास आधी यावं.