एका गुंठ्यासाठी

खेड तालुक्यात, चाकणच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर आमचे बचत गट आहेत. आमच्यातल्या कुणी कंपनीच्या पॅकिंगला जातात, कुणी कॅन्टीनला, कुणाची शिलाई आहे, कुणाच्या दोन म्हशी आहेत. महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले, वही झाली, सह्या-अंगठे झाले की विषय हमखास एकाच गोष्टीवर येतो. जागा. पाहुण्यांत कुणी गुंठा घेतला, कुणाचा इसार बुडाला, कुठे भाव काय चाललाय. म्हणून आज आम्ही तेच बोलणार आहोत.

शहरातल्या माणसाला वाटतं, गावात काय, जागाच जागा. एमआयडीसी आली तशी आमच्याकडची गोष्ट बदलली. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे ही एकेकाळची कांदा-बटाट्याची गावं. आता तिथे दहा बाय बाराच्या खोल्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला 'प्लॉट विकणे आहे' असा बोर्ड. गुंठा घेणारे कोण? कंपनीत कायम झालेली मुलं, शिक्षक, पुण्यातले लोक, आणि रस्त्यात जमीन गेल्यावर मोबदला मिळालेले आपलेच शेतकरी. आता रिंगरोडचा मोबदला येतोय. आपल्या माणसाच्या हातात जमिनीचा पैसा आला की तो जमिनीतच घालतो, त्याला दुसरं काही सुचत नाही. त्यात चूक काही नाही. पण त्याच गुंठ्यासाठी आमची पॅकिंगवाली ताई उभी असते. तो रोख मोजतो, ती म्हणते दोन महिने थांबा. विकणारा कुणासाठी थांबेल?

आमच्या गटातली एक ताई लातूरकडची. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आली. भाडं दोन हजारांपासून सुरू झालं, आज चार हजार आहे, लाइटबिल वेगळं. बैठकीत आम्ही तिच्यासमोरच हिशेब मांडला. सरासरी तीन हजार धरले तरी बारा वर्षांचे चार लाख बत्तीस हजार होतात. ती आल्यावर पहिल्यांदा तिने गुंठ्याचा भाव विचारला, तेव्हा समोरचा दोन लाख म्हणाला होता. तिने पै पै करून दीड लाख जमवले तोवर भाव चार झाला. तीन लाख जमले तोवर सात. "मी जिना चढतेय आणि वरचा मजला वर चाललाय," असं ती म्हणाली. बैठकीत सगळ्या हसल्या, तीही हसली.

गावाकडे तिच्या सासऱ्याचं नाव घरकुलाच्या यादीत आहे. पण तिथे काम नाही. इथे काम आहे, तर इथल्या यादीत नाव नाही. अशा बाया आमच्या गटांत एकदोन नाहीत, खूप आहेत.

मग दलाल येतो. दलाल वाईटच असतो असं नाही, काहींनी बायांना नीट जागा मिळवूनही दिल्या आहेत. पण या ताईला भेटलेल्याने पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो म्हणून सांगितलं. गुंठ्याचं खरेदीखत होत नाही, सगळे असंच करतात, सहा महिन्यांत नावावर होईल. पन्नास हजार इसार घेतला. दोन महिन्यांनी म्हणाला, मालक आता लाख वाढवून मागतोय. इसार परत घ्यायला आम्ही पाच-सहा जणी चार वेळा त्याच्या दारात जाऊन बसलो. चाळीस हजार मिळाले. दहा गेले ते गेले.

आता यातला कायदा सांगतो, कारण 'गुंठ्याचं खरेदीखत होत नाही' हे अर्धं खरं आहे. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकू नयेत म्हणून १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ पासून बागायतीसाठी कमीत कमी दहा गुंठे आणि जिरायतीसाठी वीस गुंठे असं प्रमाण ठरलेलं आहे. त्याच्या खालचा शेतजमिनीचा तुकडा विकत घेताना अडचण येते, आणि ती टाळायला लोक नोटरीचा रस्ता काढतात. पण शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणी केल्याशिवाय होत नाही. १९०८ चा नोंदणी कायदा तेच सांगतो. नोटरीवाला फक्त सही ओळखतो, जमीन तुमची करत नाही. त्या कागदावर सातबारा बदलत नाही आणि बँक तो हातातही घेत नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत सांगितलं की रहिवासी भागातले एका गुंठ्यापर्यंतचे जुने तुकडे नियमात बसवू. त्यासाठी तेव्हा १ जानेवारी २०२५ ही तारीख धरली होती. हे ऐकल्याबरोबर आमच्याकडे बोर्डांवर नवा रंग चढला. 'आता गुंठा कायदेशीर' असं दलाल सांगत फिरतात. बायांनो, सवलत जुन्या तुकड्यांसाठी आहे. उद्या कुणी नवा तुकडा पाडून विकला तर तो या सवलतीत बसत नाही. ज्यांनी आधीच असा गुंठा घेतलाय, त्यांनी मात्र आपले कागद घेऊन तलाठ्याकडे जावं, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि आपला तुकडा बसतो का ते विचारावं.

दुसरी एक वाट आमच्याकडे फार चालते. दहा जणींनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, सगळ्यांची नावं एका खरेदीखतावर. सामाईक. हे नोंदणीकृत असतं, म्हणून खरं वाटतं. गटाच्या बायांना तर ते फारच पटतं, कारण आपण तशाही दहा जणी एकत्रच असतो. यावरून आमच्यात वाद झाला, तोही सांगतो. काहींचं म्हणणं, निदान सातबाऱ्यावर नाव येतं, भाडं वाचतं. काहींचं म्हणणं, वाटणी कुठे आहे? तुझा गुंठा रस्त्याकडचा की ओढ्याकडचा, हे कुठल्याच कागदावर नसतं. एकीला पैशाची नड आली, तिने हिस्सा बाहेरच्याला विकला, किंवा एकीच्या माघारी तिच्या दिरांनी नाव लावलं, की उरलेल्या नऊ जणी कोर्टात. आणि अशा हिश्श्यावर बँक कर्ज देत नाही. आमचं मत विचाराल तर, गटातली मैत्री गटातच राहू द्यावी, सातबाऱ्यावर नेऊ नये. पण दोघी जणी शेवटी गेल्याच. त्यांना आम्ही अडवलं नाही. जाताना एवढंच सांगितलं की खरेदीखताला चतुःसीमांचा नकाशा जोडून घ्या आणि आपापसांतला करार लेखी करा.

सामाईक असो की एकटीचं, शेतजमीन घ्यायची तर खातेदार शेतकरी असल्याचा पुरावा मागतात. १९४८ च्या कूळ कायद्यात कलम ६३ आहे, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही. आणि इथे बायकांची गोष्ट वेगळीच निघते. तुमच्या नावावर सातबारा आहे का? नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्याच्या नाही, तुमच्या? बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा अठरा जणींतल्या दोघींचे वर आले. आणि माहेरच्या हक्कसोडावर सही केलेल्या किती? त्या अकरा निघाल्या. भावाने राखीला साडी दिली, तहसीलला गाडीने नेलं, येताना हॉटेलात जेवण. साडी अजून नीट आहे, असं एक आजी म्हणाल्या.

हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. भावाशी भांडा असं आम्ही म्हणत नाही. पण सही करण्याआधी हे माहीत असावं की ती सही नुसती एकरभर रानावरची नाही. त्या कागदाने शेतकरी म्हणून असलेली तुमची ओळखही जाऊ शकते, आणि उद्या चाकणला दहा गुंठ्यांत नाव लावायला ती ओळख लागते.

एनए प्लॉटचं वेगळं. तिथे तुकडेबंदी आडवी येत नाही, शेतकरी असावं लागत नाही, बँकही विचार करते. म्हणून तो महाग. पण बोर्डावर एनए लिहिलं म्हणजे एनए झालं नाही. आदेशाचा क्रमांक मागा, मंजूर लेआउट मागा, आणि त्यात आपल्या प्लॉटपर्यंतचा रस्ता दाखवलाय का ते बघा. प्लॉटिंग पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठं असेल, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वर, आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असतील, तर विकण्याआधी महारेराची नोंदणी लागते. तो नंबर मोबाइलवर टाकून बघता येतो, आपल्या दहावीतल्या पोरी दोन मिनिटांत काढून देतात. आणि अशा ठिकाणी नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. "आज निम्मे भरा नाहीतर उद्या दुसरा घेईल" असं कुणी म्हणालं, तर घेऊ द्या दुसऱ्याला.

बायकांसाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. ती तयार घराला किंवा फ्लॅटला मिळते, मोकळ्या जागेला नाही, आणि खरेदी बाईच्या नावे व्हायला हवी. सवलतीपुरतं का होईना, नवरे 'तुझ्याच नावावर घेऊ' म्हणायला लागले आहेत.

आता पैशाचं. गटातून कर्ज शेकडा दोन व्याजाने मिळतं, म्हणजे लाखाला महिना दोन हजार, आणि ते व्याज गटातच राहतं. गावातला सावकार शेकडा पाच घेतो, लाखाला वर्षाचे साठ हजार. त्या व्याजाने जागा घेतलेली बाई जागेवर दोन पत्रेही उभे करू शकत नाही, असं आम्ही पाहिलंय. उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंतचं बँकेचं कर्ज सात टक्के दराने मिळतं, पण ते दहा-बारा जणींत वाटलं की एकीच्या वाट्याला किती येणार? जागेची पूर्ण किंमत गटातून निघत नाही. गट इसारापुरता, कागदपत्रांपुरता, कमी पडलेल्या पन्नास हजारांपुरता उभा राहू शकतो. म्हणून आम्ही ठरवलंय, जागेसाठी कर्ज मागणाऱ्या ताईने आधी कागद बैठकीत ठेवायचे. सातबारा, फेरफार, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मागची तीस वर्षं बघायची. सुरुवातीला काहींना राग आला. आमच्या घरचं तुम्हाला कशाला, म्हणाल्या. नंतर एकीच्या कागदात सोसायटीचा बोजा निघाला, चार लाखांचा, आणि राग गेला.

आमच्या इथल्याच एका ताईला मात्र घर मिळालं, तेही गावठाणात. गावठाणातल्या जागेला तुकडेबंदी लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिचं नाव प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत होतं, एक लाख वीस हजारांचं घरकुल मंजूर, पण जागाच नाही. दोन वर्षं हप्ता अडकलेला. जागा नसलेल्या अशा लाभार्थ्यांना जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंत आधी पन्नास हजार मिळायचे, नंतर ती रक्कम एक लाख केली. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, त्याच्या निम्म्याहून कमी. तिच्या चुलत दिराची पडकी जागा होती. तो बाहेरच्याला दीड लाखाला देणार होता. ताईच्या सासूने त्याला बोलावलं, चहा दिला, आणि म्हणाली, "तुझ्या बापाचं तेरावं याच ओट्यावर झालं." एक लाख दहावर तुटलं. दहा हजार गटाने दिले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा करासाठीचा उतारा असतो, तेवढ्यावर भागवायचं नाही, म्हणून आम्ही मिळकत पत्रिका काढायला लावली आणि दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत केलं. घर दोघांच्या नावावर. आता जोत्यापर्यंत आलंय. नव्वद दिवसांची मजुरी रोजगार हमीतून निघाली, शौचालयाचे बारा हजार यायचे आहेत.

लातूरकडची ताई अजून भाड्यानेच राहते. सामाईकच्या दहा जणींत ती गेली नाही. वडील वारल्यावर भावाने हक्कसोडाला बोलावलं होतं, तिथे जाऊन तिने सही न करता वारस नोंदीचा अर्ज दिला. चार एकर जिरायत, तीन भावंडं. भावाशी बोलणं बंद आहे. आई मात्र रोज रात्री फोन करते. बँकेत ठेवलेले तीन लाख चाळीस हजार तसेच आहेत, आणि राजगुरुनगरच्या पलीकडे, बसने पाऊण तास, एका मंजूर लेआउटमधला अर्ध्या गुंठ्याचा प्लॉट ती बघून आलीय. मालक पाच सांगतोय. येत्या गुरुवारी दुपारी दोनला आम्ही तिच्याबरोबर त्याचे कागद बघणार आहोत. ज्यांना आपलेही दाखवायचे असतील, त्यांनी झेरॉक्स घेऊन या. मूळ कागद घरीच ठेवा.