हायड्रेंजियाची कुंडी बदलताना

उटी किंवा कोडाईकनाल येथून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात निलगिरी तेलाच्या बाटलीबरोबर कधीकधी एक लहानशी कुंडीही असते. तीत मोठ्या दातेरी पानांचे एक झुडूप असते आणि त्याच्या शेंड्यावर निळ्या फुलांचा भरगच्च गेंद. हे झुडूप हायड्रेंजियाचे. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील व्हरांड्यात ते मोठ्या कौतुकाने ठेवले जाते. पहिले काही महिने ते बरे दिसते. मग नवी पाने लहान येऊ लागतात, दुपारी ती माना टाकतात, दुसऱ्या वर्षी फूल दिसत नाही. आणि ‘इकडची हवा त्याला मानवली नाही’ असा निकाल देऊन घरातील मंडळी मोकळी होतात. हवेचा दोष काही अंशी असतोच. परंतु पुष्कळदा खरा गुन्हेगार कुंडीच्या आत दडलेला असतो आणि त्याची चौकशी कोणी करीत नाही.

हायड्रेंजिया हा शब्द ग्रीक भाषेतील ‘पाणी’ आणि ‘भांडे’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनलेला आहे. झाडाला पाणी फार लागते म्हणून हे नाव पडले असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः त्याच्या बीजकोशाचा आकार चिमुकल्या घड्यासारखा असतो, हे त्याचे कारण होय. लिनीअसने १७५३ साली हे नाव ग्रंथात नोंदविले ते उत्तर अमेरिकेतील एका जातीसाठी. आपल्या कुंड्यांत वाढते ती जात जपानमधील. जपानी लोक तिला ‘अजिसाई’ म्हणतात. आपल्याकडे मृगाच्या सरींचे जे स्थान, तेच जपानात जून महिन्यातील झडीचे. आणि त्या झडीचे फूल म्हणजे अजिसाई. पोर्तुगीज भाषेत हिचे नाव ‘ऑर्तेन्सिया’ असे आहे. अटलांटिक महासागरातील अझोर्स द्वीपसमूहात तिची कुंपणे इतकी माजली आहेत, की त्यांपैकी फायाल या बेटाला ‘निळे बेट’ असेच म्हणतात. पाऊस, धुके आणि गारवा यांत वाढणारे हे झाड आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

अशा झाडाची मुळे केसासारखी बारीक असतात. ती खोल जात नाहीत. वरच्या थरात दाट जाळे विणतात. जमिनीत हे जाळे हवे तितके पसरते. कुंडीत मात्र ते भिंतीशी थडकून गोल फिरू लागते, आणि दोन वर्षांत मातीपेक्षा मुळेच अधिक अशी अवस्था होते. मग घातलेले पाणी मुळांच्या गड्ड्यात न मुरता गड्डा व कुंडी यांच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते, की सकाळीच भरपूर पाणी दिले होते. खाली मात्र गड्डा मध्यभागी कोरडा ठणठणीत असतो. तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर डोकावणे आणि दिलेले पाणी क्षणात बशीत उतरणे, या दोन खुणा दिसल्या की कुंडी बदलण्याची वेळ झाली असे समजावे. केवळ दुपारी पाने लोंबली, तर ती खूण मानू नये. एवढाल्या पानांतून उन्हात जितकी वाफ जाते तितके पाणी मुळांना त्या वेळी पुरविता येत नाही. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली तर काळजीचे कारण नाही. माती ओली असूनही पाने लोंबलेलीच राहिली, तर मात्र मुळे कुजू लागली असण्याचा संभव असतो. अशा झाडाला दयेपोटी आणखी पाणी घालणारे लोक त्याचा शेवट जवळ आणतात.

कुंडी बदलण्यास थंडीची अखेर, म्हणजे जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा आरंभ, ही वेळ उत्तम. झाड तेव्हा अर्धवट झोपेत असते. फुलावर असलेले झाड विकत आणले असेल तर फुले उतरेपर्यंत थांबावे आणि पावसाळा लागताच हे काम करावे. भर उन्हाळ्यात, विशेषतः ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी लू वाहत असताना, मुळांना हात लावू नये.

येथे एका सवयीविषयी सांगणे अवश्य आहे. कुंडी बदलायला घेतलीच आहे तर झाडालाही ‘आकार द्यावा’ म्हणून हौशी माणूस कात्री उचलतो आणि फांद्यांचे शेंडे कापून टाकतो. जुन्या प्रचलित वाणांत पुढील मोसमाच्या कळ्या शरद ऋतूतच, रात्री गार होऊ लागताच, त्या शेंड्यांत तयार झालेल्या असतात. शेंडा गेला की वर्षाचे फूल गेले. वाळलेल्या काटक्या काढाव्यात, सुकलेला गेंद त्याखालच्या फुगीर डोळ्यांच्या पहिल्या जोडीपर्यंत छाटावा आणि कात्री खाली ठेवावी. कोकणपट्टीत व गोव्याच्या सखल भागात थंडीतल्या रात्रीही पुरेशा गार नसल्यामुळे या कळ्या मुळात कमीच धरतात. तेथे हे झाड पानांसाठीच ठेवायचे, अशी मनाची तयारी असावी.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनीच मोठी घ्यावी. १० इंची कुंडीतील झाड १२ इंचीत जावे. १८ इंचीत नव्हे. मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओली राहते, ते पाणी पिणारी मुळे तिथे नसतात आणि माती आंबते. मातीची कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीहून बरी. तिच्या अंगातून पाणी पाझरून माठाप्रमाणे मुळांना गारवा मिळतो. मात्र ती लवकर सुकते, हे ध्यानात असावे. कोरी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर ती आधी स्वतःची तहान भागविते. बाहेरून रंगवायची झाल्यास गेरू लावावा. चुना या झाडाला वर्ज्य. तळाच्या छिद्रावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे. खडीचा जाड थर देण्याची चाल जुनी आहे. त्याने निचरा वाढत नाही, उलट पाणी खडीच्या वर मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

मातीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग पाने कुजवून केलेले खत आणि एक भाग भरड वाळू एवढे मिश्रण चालते. ओंजळभर जुने, पूर्ण कुजलेले शेणखत त्यात मिसळावे. बेळगावच्या पश्चिमेकडील आणि गोव्यातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्यामुळे तेथील माणसाचे काम सोपे आहे. माळव्यातील काळी माती कापसाला कितीही उत्तम असो, कुंडीत ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि बारीक मुळे तोडते.

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी खोडाचा बुंधा बोटांमध्ये धरून कुंडी पालथी करावी आणि तिचा काठ पायरीच्या कडेवर हलके आपटावा. गड्डा अखंड बाहेर येतो. आला नाही तर खोड ओढू नये, कडेने पातळ सुरी फिरवावी. तेवढ्यानेही सुटला नाही तर कुंडी फोडावी. कुंडी बाजारात मिळते. पांढरी, भरीव मुळे निरोगी असतात. तपकिरी, लिबलिबीत व दुर्गंधी येणारी कापून टाकावीत. गोल फिरलेले जाळे बोटांनी मोकळे करावे आणि फारच घट्ट असेल तर सुरीने बाजूंना तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात. हे न केल्यास मुळे नव्या मातीतही जुन्याच वर्तुळात फिरत राहतात आणि सारा खटाटोप फुकट जातो. झाड पूर्वी जितके खोल होते तितकेच ठेवावे, काठाशी इंचभर जागा पाण्यासाठी सोडावी, माती बोटांनी बेताने दाबावी आणि खालून पाणी वाहीपर्यंत सावकाश पाणी द्यावे.

आता रंगाविषयी. उटीहून निळे आणलेले झाड इंदुरात गुलाबी फुलले, की विकणाऱ्याने फसविले असे मालकाला वाटते. त्यात फसवणूक नसते. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळते, झाड ते शोषून घेते आणि फुलातील रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन निळा रंग येतो. चुनखडीयुक्त मातीत ते विरघळत नाही. म्हणून तोच वाण गुलाबी फुलतो. कूपनलिकेचे जड पाणी हेच काम हळूहळू करते, आणि पुढे पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसू लागतात. नवी माती भरल्यावर शक्य तेवढे पावसाचे पाणी वापरणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. तुरटीत ॲल्युमिनियम असते, म्हणून तिचे फिके पाणी कोणी घालतात; परंतु माती आधी साध्या पाण्याने भिजविल्याखेरीज आणि झाड नव्या कुंडीत रुळल्याखेरीज ते घालू नये, मुळे भाजतात. पांढऱ्या जातीवर त्याचा परिणाम होत नाही.

नवी कुंडी पंधरा दिवस सावलीत ठेवावी. त्यानंतर सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा पूर्वेकडील जागी न्यावी. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. पाने व कळ्या विषारी असतात, तेव्हा दारी शेळी किंवा रांगते मूल असल्यास कुंडी उंचावर हवी. अपघाताने एखादी कोवळी फांदी मोडलीच, तर तिचे चार बोटे लांबीचे तुकडे ओल्या वाळूत, सावलीत खोचून ठेवावेत. तीन-चार आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात, आणि मूळ झाडाचे काही बरेवाईट झाले तरी घरात त्याचे एखादे रोप शिल्लक राहते.