डिपॉझिट कोणाचं?

(जळगावात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२४ च्या लोकसभेआधी एक माणूस रात्री माझ्या घरी आला. हातात पाकीट. म्हणाला, "भो, धुळ्यातून अपक्ष उभा ऱ्हाय. डिपॉझिट आपलं, जीप आपली. तू फक्त जयभीम म्हण." लोकसभेचं डिपॉझिट इतरांना २५,००० रुपये, आपल्याला १२,५००. म्हणजे आमची जात त्याला निम्म्या भावात पडत होती!

खोटं कशाला सांगू, पाकिटाकडे माझा हात गेला होता. आई जागी होती. म्हणाली, "ज्याचा पैसा त्याचा पक्ष. मग तू अपक्ष कसा रे?" पाकीट परत गेलं.

निकाल लागला तेव्हा डोळे उघडले. धुळ्याची जागा फिरली फक्त ३,८३१ मतांनी. साल्याला मला दिल्लीला पाठवायचं नव्हतंच. आपल्या वस्त्यांतली तेवढी मतं बाजूला काढायची होती. त्या निवडणुकीत देशभर ३,९२१ अपक्ष लढले. निवडून आले ७. एक षष्ठांश मतंही न मिळाल्यानं ३,९०५ जणांचं डिपॉझिट गेलं. त्यातलं किती डिपॉझिट स्वतःचं होतं?

मग अपक्ष लढूच नये? मी तसं म्हणत नाही.

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपलाच माणूस बसला. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. त्या माणसांचा स्वाभिमान खरा होता; लगामाची सवय मात्र आपल्याला कधी लागूच दिली नव्हती. आजचा अपक्ष म्हणजे तोच टांगा. फरक एवढाच, आज भाडं परका भरतो आणि रस्ताही तोच ठरवतो.

कायदा मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक मागतो, अपक्षाला दहा. तर आधी ते दहा जण उभे करा. सालदार असो, सफाई कामगार असो, मालकाच्या डोळ्यांदेखत सही करणारे दहा. १२,५०० रुपये वस्तीतून रुपया रुपया जमवा. हिशेब बुद्धविहाराच्या भिंतीवर लावा.

मग डिपॉझिट गेलं तरी जाऊ द्या. पैसा आपला असेल, हारही आपली असेल. आणि पुढच्या वेळी लगाम धरणारे हात तयार असतील.

जयभीम!