समुद्र संगमापर्यंत आला आहे



मंडळाने मला या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान दिला. पण वेळ थोडा आहे आणि मला आज भांडायचे आहे.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परप्रांतातील मराठी’ असा विषय छापलेला आहे. मी समुद्रावर बोलणार असे कळवले, तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांनी मला प्रेमाने समजावले. समुद्र घाटापलीकडे, दीडशे किलोमीटरवर, तो कोकणातल्या संमेलनाचा विषय, इथे मैसूरजवळ टी. नरसीपुरात नदी आहे, तिच्यावर दोन चांगले शब्द बोला. त्यांचा मान राखून सांगतो, की नदीवर बोलायचे म्हणूनच मी समुद्रावर बोलणार आहे.

या सभागृहातून पाच मिनिटे चालत गेलात की संगम लागतो. एका अंगाने कावेरी येते, ती कोडगूच्या ब्रह्मगिरीतून. दुसऱ्या अंगाने कपिला, म्हणजे कबिनी येते, ती वायनाडच्या डोंगरांतून. तिसरे स्फटिक सरोवर डोळ्यांना दिसत नाही, ते श्रद्धेने मानायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे कुंभमेळा भरला, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी या पाण्यात डुबकी घेतली. ते पाणी कुठून आले? जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा बाष्प घेऊन निघतो, सह्याद्रीला धडकतो, ब्रह्मगिरीवर आणि वायनाडवर रिता होतो. या दोन्ही नद्यांचे मोठे पाणी त्या पावसाचे आहे. गुंजा नरसिंहस्वामीच्या पायऱ्यांशी जे पाणी लागते, ते पश्चिम समुद्राचे पाणी आहे. समुद्र बिघडला की ते बिघडते.

आणि समुद्र बिघडला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून हे मांडले आहे. हिंदी महासागराचा पश्चिम भाग, ज्यात आपला अरबी समुद्र आला, उन्हाळ्यात शंभर वर्षांत सुमारे १.२ अंशांनी तापला. कोळसा-तेल जाळून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रांनी पोटात घेतली आहे. तापलेल्या समुद्रावरची हवा अधिक बाष्प उचलते, एका अंशाला सुमारे सात टक्के. ते बाष्प पूर्वीसारखे पंधरवडाभर झिमझिम पडत नाही. दिवस कोरडे जातात आणि मग एका रात्रीत आभाळ फाटते. मध्य भारताच्या पट्ट्यात, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंत, अशा दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या आणि त्यांना बाष्प पुरवणारा मुख्यतः अरबी समुद्रच आहे. त्या समुद्रातली चक्रीवादळे १९८२ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती पाण्यावर टिकून राहण्याचा काळ ८० टक्क्यांनी. वादळे बंगालच्या उपसागरात होतात, आपला समुद्र गरीब आहे, असे आमच्या लहानपणी शिक्षक सांगत. आता कुठल्याही शिक्षकाने तसे सांगू नये.

आता इथले बघा. ऑगस्ट २०१८: कोडगूचे डोंगर खचले, माणसे घरांसकट गाडली गेली. २०२३: पाऊसच आला नाही. कर्नाटकाच्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, कावेरीच्या पाण्यावरून सप्टेंबरात बेंगळुरू बंद, मग कर्नाटक बंद. जुलै २०२४: वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे एका रात्रीत चिखलाखाली गेली, अडीचशेहून अधिक माणसे मेली. ते पाणी चालियार नदीत गेले. पण त्याच पावसाने कबिनीचे धरण भरले, पाणी सोडावे लागले आणि नंजनगूडच्या आसपास कपिला पात्राबाहेर आली. सहा वर्षांत एकाच खोऱ्यात दोन प्रलय आणि एक दुष्काळ. ‘समुद्र आमचा विषय नाही’ असे हे पाहूनही जो म्हणेल, त्याने पाण्याचा ग्लास हातात घेऊन म्हणावे.

यावर आपल्या समाजात एक वाक्य तयार असते: निसर्गाचा कोप. पेपरात तेच, शोकसभेत तेच, मंत्र्यांच्या तोंडी तेच. माझे भांडण या वाक्याशी आहे, आणि ते भांडायला या तालुक्यासारखी जागा नाही. इथून थोड्याच अंतरावर तलकाडू आहे. गंग घराण्याची राजधानी होती, आज देवळांवर वाळूचे डोंगर आहेत. आपण मुलांना तिथे नेतो आणि श्रीरंगपट्टणच्या अधिपतीच्या राणीची, अलमेलम्माची गोष्ट सांगतो. १६१०च्या सुमारास श्रीरंगपट्टण मैसूरच्या राजा वडियारांच्या हाती गेले, दागिन्यांसाठी शिपाई तिच्या मागे लागले, तिने शाप दिला की तलकाडूची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो, मैसूरच्या राजांना संतान न होवो, आणि नदीत उडी घेतली. गोष्ट चटका लावते. पण कृषिशास्त्रज्ञ आणि कन्नड कादंबरीकार के. एन. गणेशय्या यांनी दुसरा प्रश्न विचारला: वाळू आली कुठून? त्यांचे उत्तर असे की चौदाव्या शतकात, विजयनगरच्या अमलात, माधव मंत्र्याने वरच्या अंगाला कावेरीवर बंधारा घातला. खालचे पात्र उघडे पडले. वाऱ्याने त्यातली वाळू उचलून गावावर आणून ओतली. म्हणजे शापाच्या दोन-अडीच शतके आधी माणसाच्या हातून काम झाले होते. गाव बुडाले आणि दोष एका विधवेच्या तळतळाटाला लागला. बंधाऱ्याचे नाव कुणी घेतले नाही.

आज कोकणात आपण तेच करतो आहोत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. पुढच्या वर्षी मी श्रीवर्धनच्या एका वाडीत उभा होतो. पोफळी मधोमध कडाकड मोडलेल्या, माड मुळांसकट आडवे, आणि विहिरीपासून निघालेला शिंपण्याचा पाट ओंडक्यांखाली बुजलेला. जायफळाची झाडे आणि मिरीच्या वेली, ज्यांना पोफळीची सावली लागते, सावली गेल्यामुळे उन्हात करपून चाललेल्या. वाडीचा मालक साठीच्या पुढचा. पोफळ लावल्यापासून हातात सुपारी यायला सहा-आठ वर्षे जातात. माडाला त्याहून अधिक. त्याने नवी रोपे लावली होती, आणि त्यांची फळे आपण बघू असे तो एकदाही म्हणाला नाही. सरकारने आधी हेक्टरी मदत ठरवली, ओरड झाल्यावर झाडावर आणली: पोफळीमागे ५० रुपये, माडामागे २५०. या सभेत आत्ताच मला विडा दिलात, त्यातली सुपारी पेशव्यांच्या श्रीवर्धनची असेल किंवा शिमोग्याची असेल. पण पन्नास रुपयांत एक पोफळ ही किंमत ज्यांनी ठरवली, त्यांना आपण जाब विचारणार की नाही?

‘निसर्ग’नंतरच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीच होता. तरी मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्रावर काम करणारा पी-३०५ हा तराफा कामगारांसह तिथेच राहिला आणि बुडाला. सत्तरहून अधिक कामगार मेले. त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातले तळिये डोंगराखाली गेले, चिपळूण पाण्यात गेले, आणि महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. वादळाला इशारा होता, डोंगराला भेगा होत्या. हा कोप म्हणायचा?

मासळीचे तर आपल्याला जेवताना कळायला हवे. तारली, जिला मंगळूरकडे भूताई म्हणतात, केरळच्या गरिबाचे ताट तिच्यावर चालते. २०१२ मध्ये केरळात ती सुमारे ३ लाख ९० हजार टन मिळाली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. आकडा वाचण्यात चूक नाही, लाखांवरून हजारांवर. हे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे आकडे आहेत. पुढे ती थोडी परतलीही. पण ज्या रापणकराला उद्या जाळ्यात काय लागेल हे सांगता येत नाही, त्याला कर्ज कोण देणार? पाणी वरच्या थरात तापले की खालचे थंड, पोषक पाणी वर येत नाही, सूक्ष्म वनस्पती घटतात, आणि त्यांच्यावर जगणारी मासळी घटते किंवा जागा सोडते. त्यात पर्ससीनची जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी. उरलेले ओरबाडून नेणाऱ्या हाताला हवामानबदलाचा आडोसा मिळू नये.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकवतात, आणि तो खोटा नाही. कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत झाले युरोप-अमेरिका. किंमत आम्ही का मोजायची? खरे आहे. त्यांच्याकडून भरपाई मागावी, कडक शब्दांत मागावी. पण कोडगूतले उतार उभे कापून होम-स्टे आणि रस्ते कुणी केले? सह्याद्रीच्या कडेला खाणी कुणी दिल्या? आपल्याच माणसाने, पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीने, ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. तो सरकारने दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. मग तो पातळ करायला कस्तुरीरंगन समिती. त्या पातळ केलेल्याचीही मसुदा-अधिसूचना २०१४ पासून निघते आणि विझते. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाड गाडले गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि सप्टेंबरात कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल फेटाळला. महाराष्ट्रही आपली गावे वगळून घ्यायला धडपडत आला आहे. या बाबतीत दोन्ही राज्यांचे एकमत आहे, सीमाप्रश्नावर जे कधी झाले नाही.

किनाऱ्यावरही तेच: मुंबईचा सागरी किनारा रस्ता घ्या. वरळीच्या कोळ्यांनी सांगितले की पुलाच्या दोन खांबांत साठ मीटर अंतर पुरणार नाही, उधाणात होड्या आपटतील. १६० मीटर द्या. वर्षानुवर्षे त्यांना अडाणी ठरवले. २०२२ च्या अखेरीस १२० मीटर मान्य झाले. दर्या कळतो त्याचे ऐकायला एवढी वर्षे लागतात, आणि समुद्रात भराव घालायला निर्णय एका बैठकीत होतो.

दुसरा आक्षेप मात्र आपल्या घरातला आहे. आपण इथे भाषेने थोडे. पाण्याच्या राजकारणात पडू नये. कावेरीचे आंदोलन पेटले की आपली घरे दार लावून बसतात. ही भीती मला कळते, मीही त्याच घरांत वाढलो. पण दोन-तीन पिढ्या ज्या नदीचे पाणी प्यालो, तिच्याविषयी न बोलणे हा सभ्यपणा मी मानत नाही. आणि ही नदी इथून जाते कुठे? तंजावरला. १६७६ मध्ये व्यंकोजीराजे तिथे बसले, १८५५ पर्यंत गादी चालली, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मराठी बोलणारी घरे अजून आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ वादळाने त्याच पट्ट्यातल्या माडांच्या बागा झोपवल्या. वरून गोडे पाणी कमी येते आणि खालून खारे पाणी जमिनीत शिरते आहे. एका नदीच्या उगमाशी एक समुद्र, मुखाशी दुसरा, आणि दोन्हींच्या काठी आपली माणसे आहेत.

आता लेखकांना. मराठीत समुद्रावर चांदण्याची, विरहाची, सूर्यास्ताची कविता उदंड झाली. ती वाईट नाही. पण खारभूमीचा बांध फुटून भातखाचरात खारे पाणी शिरल्यावर ती जमीन पुन्हा कधी पिकते, हे सांगणारी कादंबरी मला दाखवा. देवबागसारख्या गावात, जिथे एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, दर पावसाळ्यात जमीन किती धुपते, याची वही ठेवणारा लेखक दाखवा. आपण पुरस्कारांवर भांडतो. दिवाळी अंकांचे शंभर विषय निघतात. हा विषय सहाव्या मसुद्यासारखा पडून राहतो.

म्हणून मी या सभेपुढे दोन ठराव ठेवतो. पहिला: पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना काढावी, त्यासाठी ग्रामसभांना त्यांच्या भाषेत मूळ अहवाल द्यावेत, आणि हा ठराव कन्नड व मराठीत लिहून बेंगळुरू आणि मुंबई दोन्हीकडे पाठवावा. दुसरा: या मंडळाने दर वर्षी आपल्या निधीतून एका तरुणाला, मग तो मराठी असो वा कन्नड, संगमावरच्या पाण्याची वर्षभराची नोंद ठेवण्यासाठी मदत करावी, आणि ती नोंद पुढच्या अधिवेशनात याच व्यासपीठावरून वाचली जावी. कुणाचा विरोध असेल त्याने उभे राहून कारण सांगावे, मी ऐकून घेईन. बाकीच्यांनी हात वर करा.