तेरीज जुळत नाही तेव्हा

दुर्गापुरा हे जयपूरच्या दक्षिणेस, टोंक रस्त्यालगत वसलेले उपनगर. राजस्थान हा पेढ्यांचा आणि लाल कापडाच्या बह्यांचा प्रदेश. तेव्हा येथील वाणिज्य शाखेच्या मुलांना लेखाशास्त्र उपजतच येत असेल, असा कोणाचाही समज होईल. पण पेढीवरच्या पोरालाही ते उपजत येत नसे. सांज झाली की गल्ला मोजावा, कीर्द लिहावी, शिल्लक जुळवावी आणि मगच घरी जावे, हा मुनिमाचा दंडक त्याला रोज पाळावा लागे. शाळेतल्या मुलाच्या मागे असा मुनीम नसतो.

हा विषय विद्यार्थ्यापुढे बहुधा अकरावीतच प्रथम येतो. दहावीपर्यंत परीक्षेच्या तोंडावर जागरणे करून ज्याने चांगले गुण मिळवले, तो याही विषयाला तीच रीत लावतो आणि फसतो. वस्तुतः यात पाठ करण्याजोगे थोडेच आहे. लुका पाचोली याने द्विनोंदी पद्धतीचे विवेचन व्हेनिस येथे 1494 साली छापले. त्यातले मूळ तत्त्व, प्रत्येक व्यवहाराला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात हे, आजही तेच आहे. ते समजायला एक तास पुरतो. अंगवळणी पडायला महिने लागतात. शिवाय कीर्द कच्ची राहिली की खतावणी चुकते, खतावणी चुकली की तेरीज जुळत नाही, आणि ताळेबंदाचे नावच नको.

खरी गोम तेरजेपाशी आहे. हिंदीत तिला तलपट म्हणतात. तलपट जुळले नाही की पुष्कळ मुले मार्गदर्शिकेतले उत्तर उघडतात, ते उतरवून घेतात आणि अभ्यास झाला असे मानतात. पालकही भरलेली वही पाहून संतुष्ट होतात. शिकवणीचे पैसे सार्थकी लागले असे त्यांना वाटते! वाचलेले उत्तर ओळखीचे वाटते, आणि ही ओळखच फसवी असते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिले की, मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवते खरे. परंतु आठवड्यानंतर, न पाहता आठवण्याचा सराव केलेलेच पुढे जातात.

चूक स्वतः शोधण्याची सवय असलेला मुलगा निराळ्या वाटेने जातो. दोन बाजूंतला फरक 500 असेल, तर 250 ची एखादी रक्कम भलत्या बाजूस तर गेली नाही ना, हे तो आधी पाहतो. फरकाला 9 ने निःशेष भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय त्याला येतो. आणि तेरीज जुळली म्हणूनही तो निर्धास्त होत नाही. दुकानासाठी घेतलेले कपाट मालाच्या खरेदीत लिहिले, तरी दोन्ही बाजू बिनचूक जुळतातच.

समजा, दुर्गापुऱ्यातल्या एखाद्या घरी अशी मुलगी रात्री दिव्याखाली बसली आहे. फरक 90 चा आहे. उत्तराचे पुस्तक हाताशी असूनही मिटलेले. नवाने भागून ती मागे कीर्दीकडे वळते. तिथे 540 आहेत, खतावणीत 450. ती आकडा सुधारते आणि दोन्ही बाजूंची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करू लागते.