धाराशिवची अक्षरं किती?



"कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमकं काय करतेस गं?" असं सकाळपासून पाच जणांनी विचारलं. म्हणून कामातली एकच गोष्ट सांगते, आपल्या जिल्ह्याच्या नावावरून.

माहिती साठवायला डेटाबेस लागतो. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल हे त्याचे प्रकार. सगळ्यांची भाषा एसक्यूएलच, पण बोली वेगळी. शब्द जोडायला पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दोन उभ्या रेघा देतात; मायएसक्यूएल सहसा त्याच रेघांचा अर्थ 'किंवा' असा घेतं! म्हणून मध्ये ओआरएम नावाचा दुभाषी ठेवतात. आम्ही पायथनमध्ये लिहितो, तो समोरच्या डेटाबेसच्या बोलीत वाक्य तयार करतो. उमरग्याच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाईक पाहून मराठी नाहीतर कानडी बोलतो, तसंच.

२०२३ मध्ये आपला जिल्हा धाराशिव झाला. आता 'धाराशिव'ची लांबी विचारा. पोस्टग्रेएसक्यूएलचं 'लेंग्थ' सांगतं ७, मायएसक्यूएलचं 'लेंग्थ' सांगतं २१. ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. (मराठीच्या बाई म्हणतील, अक्षरं तर चारच! बरोबर आहे. पण डेटाबेस काना आणि वेलांटी सुटी मोजतो.) इंग्रजी स्पेलिंग घातलं की दोन्हीकडं ९ येतात, त्यामुळं इंग्रजीत तपासणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

फॉर्मवर नावाला ५० ची मर्यादा असेल आणि मोजणी बाइटची असेल, तर मराठी नाव १६ खुणांत संपतं. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव मराठीत लिहिणाऱ्या आपल्या गावाकडच्या पोराचाच अर्ज परत येणार.

जँगो या पायथनच्या साधनात यावर साधा उपाय आहे. त्याच्या 'लेंग्थ'मध्ये 'अ‍ॅज_मायएसक्यूएल' नावाची वेगळी मेथड आहे. समोर मायएसक्यूएल असलं की ती 'लेंग्थ'च्या जागी 'कॅर_लेंग्थ' लिहिते. ते खुणा मोजतं. अशी मेथड नसलेल्या डेटाबेससाठी नेहमीचंच वाक्य जातं. पण घाईत कोणी दुभाष्याला बाजूला सारून थेट एसक्यूएल लिहिलं, की हे संरक्षण गेलं. असं लिहिणारे खूप आहेत, आणि मला त्यांचा राग येतो.

म्हणून आमच्या टीममध्ये प्रत्येक डेटाबेसवर चालणाऱ्या चाचणीत मी 'धाराशिव' हाच शब्द घातला आहे. उत्तर ७ आलं पाहिजे. २१ आलं, तर तो कोड पुढं जात नाही.